गाडी गप्प झाली त्या सकाळी

॥ श्री विठ्ठल ॥

कुंभकोणम्,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८७७

सौभाग्यवती विहीणबाई मीनाक्षीबाई यांसी अंबाबाईचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल. तंजावरास तुम्ही सगळे खुशाल असाल. जावईबापूंचा खोकला राहिला का? सुंठ उगाळून द्या, मध घालून. तुमची नात मंगला दूध पिऊन गुबगुबीत झाली आहे, मनगटाला वळ्या पडल्या आहेत.

गोदा म्हणाली, "आई, तू सांग, मी लिहिते." मी म्हटले, नको, हे पत्र माझे मी लिहिते. माझी अक्षरे म्हणजे गूळ संपल्यावर फिरणाऱ्या मुंग्या. सांभाळून वाचा.

आज मी तुम्हास गाडीची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, म्हातारीला दुसरे काही सुचले नाही का! पण पुढे वाचा.

आमच्या घरची ती जुनी फोर्ड गाडी तुम्ही पाहिली आहे. पुढे दोघे बसायचे, मागे उघडा हौदा. लढाई संपल्यावर लष्कराने काढून टाकलेली यांनी आणली. आमच्या पितळेच्या समया आणि घंगाळी तिच्यातून आडुतुरैच्या बाजाराला जातात, आणि एकादशीला भजनाची मंडळी गोविंदपुरम्‌ला. ती यायची म्हणजे गल्लीतली कुत्री आधी उठायची. बारशाच्या दिवशी ती अंगणात शिरली तेव्हां तुमच्या हातातली साखरेची वाटी सांडली होती, आठवते? तुम्ही आधी गाडीकडे पाहिलेत, मग पाळण्याकडे. ते मी पाहिले. असो.

तर त्या गाडीच्या खालची धुराची नळी सडली होती. नळी सडली, तिचा सायलेन्सर सडला, धूर बसायच्या जागी वर यायचा, यांचे डोळे लाल. मी वर्षानुवर्षे सांगत होते, बदला. ऐकले नाही. आणि गेल्या आठवड्यात आपण होऊनच म्हणाले, "सेतूला बोलावले आहे. सगळी नळी बदलून टाकू."

"आताच का बरे?" मी विचारले.

"शेजारी बोलतात."

शेजारी तर पहिल्या दिवसापासून बोलतात! पण विहीणबाई, कधी कधी नवरा खोटे का बोलतो ते बायकोला कळते, आणि कळले हे कळू द्यायचे नसते.

सेतू म्हणजे आमचा गाडीवाला मिस्त्री. गाडीखाली पाठीवर सरकला, जुन्या सायलेन्सरवर हातोडी मारली, तर गंजाचे पापुद्रे त्याच्याच तोंडावर. "अम्मा," खालून ओरडला, "हा सायलेन्सर नव्हे, तांदळाची चाळणी आहे!" नटबोल्ट असे धरून बसलेले, की रॉकेल ओतून रात्रभर भिजवले, तरी छिन्नीनेच तोडावे लागले.

नवा सायलेन्सर तिरुचिरापल्लीहून आणवला, पण तो दुसऱ्याच गाडीचा. ही गाडी एवढी जुनी, की तिचे सामान आता मिळत नाही. मग नळी हिच्या अंगाप्रमाणे वाकवायची ठरली. ते मी जे पाहिले, काय सांगू! कावेरीची वाळू परातीत भाजून कोरडी केली, सरळ नळीत ठासून ठासून भरली, दोन्ही तोंडांस लाकडाची बुचे मारली, आणि आमच्याच कारखान्याच्या भट्टीत नळी जास्वंदीसारखी लाल केली. मग सेतूने आणि यांनी दोन बाजूंनी ओढली. हाक ऐकून कुणी मान वळवावी, तसे ते लोखंड वळले. माझ्या तोंडून "पांडुरंगा" निघाले.

"वाळू कशाला रे?" मी विचारले.

"पोकळ नळी वाकवली की चेपते, अम्मा. पोटात भरलेले असले म्हणजे सांभाळून वळते."

मला गोदेचे दिवस आठवले. सातव्या महिन्यात आली ती बाळंतपणाला, आणि माजघरात निजायची, गाडी उभी असते त्या भिंतीला लागून. तेव्हां मला काहीच उमगले नव्हते.

नळी बसली. सायलेन्सर जुन्या टायरच्या पट्ट्यांनी खाली टांगला, सांध्यांना पट्टे आवळले. आता नवी वस्तू म्हणजे पूजा नको का? मी हळदकुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले. उदबत्त्या आपण केळ्यात खोवतो ना? तर केळे ठेवायला जागा पाहू लागले. मागे नव्या नळीचे तोंड, स्वच्छ, नेमके केळ्याएवढे. जाडसे रस्ताळी केळे आत दाबून बसवले. फार शोभले हो!

यांनी गाडी सुरू केली. खोकली, थांबली. पुन्हा खोकली, थांबली. सेतू पुन्हा खाली सरकला, सगळे पट्टे चाचपले, तमिळात काय काय पुटपुटला. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "राहुकाळ पाहिला होतास का?" मी भरली दुपार झाल्यासारखी घामाघूम. "पाहिला होता," म्हटले, आणि तिसऱ्या खेपेस ठो!

केळे उडाले ते थेट समोरच्या अलमेलूच्या दारात. मार्गळी महिन्याची मोठी रांगोळी, कोलम, तिने काढलेला, मधोमध शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचे पिवळे फूल. नेमके त्या फुलावर!

कुणी हसले असेल असे वाटते ना? विहीणबाई, केळ्याकडे कुणी पाहिलेच नाही. यांनी, गोदेने, मी, तिघांनी एकदम ओसरीवरच्या पाळण्याकडे पाहिले. आणि मग एकमेकांकडे. तेव्हां मला कळले, की जे मी कुणाला बोलले नव्हते ते तिघांच्याही पोटात होते.

बाळ निजलेलेच होते. पापणी हलली नाही.

मी कधी तिच्या कानाशी घंटा वाजवून पाहिली नव्हती. देवापुढची आरतीसुद्धा तिची पाठ देवाकडे असताना करत नव्हते. यांनी तर ती गाडीच गप्प करायला काढली, म्हणजे ती गरजताना पोर निजून आहे हे पुन्हा कुणाच्या नजरेस पडू नये. "सून-नातीला आणायचे ते तै महिना लागल्यावर, संक्रांतीनंतर पाहू" हे तुमचे पत्र यांनी उशाखाली ठेवले होते.

गाडी मात्र सुरू झाली. काय सांगू, देवळातल्या गाभाऱ्यासारखी शांत! अंगणात चिमणीचे बोलणे ऐकू येऊ लागले. आणि त्या शांततेत मंगला जागी झाली. ओठ काढले, आणि जी रडली, जी रडली! गोदेने घेतले, दूध दिले, काही उपयोग नाही.

सेतूला वाटले, ठो झाल्याने सांधा फुटला. त्याने पट्टा सैल करून पाहिला. झाले, ढर्र ढर्र, जुनाच आवाज.

मंगला गप्प.

सेतूने पट्टा आवळला. मंगलेने टाहो फोडला. यांनी हात वर केला. "सेतू, पुन्हा सैल कर." सैल केला. हुंदका देऊन गप्प, डोळे मिटू लागली. आवळला, पुन्हा टाहो. सेतू गाडीखालून म्हणाला, "अय्या, काय करू, बांधू की सोडू?" हे डोक्यावरची पगडी काढून मांडीवर घेऊन पायरीवर बसले.

तिला ऐकू येते हो! पोटात असल्यापासून ऐकत होती. ते गरजणे तिची अंगाई होती, तिला दचकायचे कशाला? मग मी पाळण्यामागे उभी राहिले आणि अगदी हळू म्हटले, "मंगे." त्या तापल्या नळीसारखी मान वळली माझ्याकडे.

आता गाडी गप्प आहे, आणि बाळ निजत नाही. म्हणून आमचे हे, बाजारात चार माणसे ज्यांना वाकून नमस्कार करतात ते, पाळण्याशी बसून तोंडाने ढर्र ढर्र करतात. अलमेलू येऊन पाहून गेली. म्हणाली, "मामी, यांनाही सायलेन्सर बसवा."

विहीणबाई, तुम्ही बारशाला जे पाहिलेत त्याबद्दल मी तुम्हास बोल लावत नाही. मीही तेच पाहिले होते. तै महिन्याची वाट पाहू नका. या. येताना दारात थांबा आणि नातीला एकदा हाक मारा. मोठ्याने नको, तुमच्या नेहमीच्या आवाजात.

ती वळून पाहील. मी पाळणा दाराकडे पाठ करून ठेवते आहे.

तुमची,
मंगलेची इकडली आजी,
अंबाबाई