आठ नंबरची शुभेच्छा

आई, आज तुझी आठवण यायला कारण तुझा जावई आहे. तोच, ज्याला तू गरीब गाय म्हणायचीस. या गरीब गायीचा मला गेले सहा महिने इतका हेवा वाटतोय की त्याच्या चहात साखर घालतानाही माझा हात आखडतो. तू गेलीस त्यानंतर चार वर्षांनी झालेली तुझी नात आता सोळा वर्षांची आहे. ती आणि तिचा बाबा एकाच सोफ्यावर बसून एकमेकांना मोबाइलवर मेसेज करतात आणि खुदुखुदु हसतात. मी विचारलं, काय गं, तर म्हणते, ‘काही नाही आई, तुला नाही कळणार.’ तिचा डबा, तिचा ताप, तिच्या क्लासच्या वेळा, हे सगळं मला कळायला हवं. एवढंच कळायला नको.

मध्यंतरी आमच्या सोसायटीत पालकांसाठी कार्यशाळा ठेवली होती, मुलांची चॅटिंगची भाषा समजून घ्या म्हणून. कोथरूडमध्ये कशाचाही क्लास निघतो. एक चुणचुणीत मुलगी पडद्यावर शब्द दाखवत होती आणि आम्ही पन्नाशीला टेकलेल्या बाया किराणाच्या वहीत मागच्या पानांवर ते उतरवून घेत होतो. स्ले म्हणजे भारी काम केलं. नो कॅप म्हणजे खोटं नाही, खरंच. शेवटी चहा आणि क्रीमरोल होता, तेवढा मात्र न लिहिता कळला. घरी येऊन मी शब्द पाठ केले. तुझ्या जावयाला पाठ करावे लागत नाहीत. रोज सकाळी तो तिला स्कूटरवर क्लासला सोडतो, वाटेत ती त्याला शिकवते. मला पोळ्या असतात.

परवा तिला कॉलेजच्या नाटकात बक्षीस मिळालं. मी तिलाच विचारलं, माझी गुणाची लेक असं तुमच्या भाषेत कसं म्हणतात? मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, ‘डेलुलू.’ घरच्या ग्रुपवर आत्या, काका, मावश्या सगळे आहेत. तिथे मी लिहिलं, माझी डेलुलू लेक, फार अभिमान वाटतो. तुझा जावई हसून हसून खोकायला लागला. डेलुलू म्हणजे म्हणे स्वतःच्याच भ्रमात राहणारी, जरा सटकलेली. ती पण हसत होती. मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

पुसता पुसता मला तू दिसलीस. बाबा तार ऑफिसात होते तेव्हाची. शुभेच्छांची तार करायची तर मजकूर लिहावा लागत नसे. ठरलेल्या वाक्यांना नंबर होते, नंबर दिला की पलीकडे पूर्ण वाक्य पोचायचं. बाबांना सगळे पाठ, म्हणून मलाही. दुधी भोपळा पाहून मी तोंड वाकडं केलं की बाबा गंभीरपणे म्हणतात, ‘अकरा.’ म्हणजे प्रवास सुखाचा होवो. मी हसत हसत भाजी गिळते. तव्यापाशी उभी तू विचारतेस, ‘काय म्हणाले गं?’ मी म्हणते, काही नाही.

दहावीच्या निकालाच्या दिवशी तू पेढ्यांची वाटी घेऊन बाहेर आलीस, पदराला हात पुसलेस आणि शाळेतल्या मुलीसारखी उभी राहून म्हणालीस, ‘आठ.’ आठ म्हणजे वैवाहिक जीवन सुखाचे जावो. परीक्षेतल्या यशाला दहा. बाबा म्हणाले, ‘अगं, पोरीचं लग्न उरकून टाकलंस की काय.’ आम्ही दोघं पोट धरून हसलो. तूही हसलीस, जरा उशिराने, आणि आत जाऊन ओटा पुसायला लागलीस.

काल नवरा म्हणाला, ‘चुकून सांगितलं असेल तिने. एवढं काय मनाला लावून घेतेस.’ चुकून. आई, निकालाच्या आदल्या दिवशी तू मला हळूच विचारलं होतंस, पास झालीस तर कोणता नंबर म्हणायचा गं? मला दहा येत होता. मी आठ सांगितला. बाबांशी बोलायचं तेवढं एकच माझं एकटीचं होतं, त्यात तू यायला नको होतीस.

हे त्याच किराणाच्या वहीत लिहिते आहे, तिथेच राहील. बाबा पुढे कितीतरी वर्षं तुला आठ नंबर म्हणून चिडवायचे. पोरीनेच सांगितला होता, असं तू एकदाही म्हणाली नाहीस. मी मात्र परवा पहिल्याच मिनिटाला ग्रुपवर लिहून टाकलं, तुझ्या नातीनेच सांगितला हा शब्द.