काट्यावरची खुर्ची

अब्बा, आज सुदुंबऱ्याला एका वजनकाट्यावर गेले होते आणि येताना स्कूटरवर एकटीच हसत होते. शेजारून जाणाऱ्या टेम्पोवाल्याने वळून पाहिलं. पाहू दे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एखादं काम फत्ते झालं की पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटतं, आणि आजचं काम असं आहे की सांगितल्याशिवाय जेवण जायचं नाही.

आपलं दुरुस्तीचं दुकान लोणावळ्यात तिथेच आहे. टीव्हीची खोकी गेली, आता कॉम्प्युटर, स्क्रीन, कॅमेरे येतात. पावसाळ्यात ओलसर झालेले आतले बोर्ड सुकायला मी अजून तुमच्यासारखाच पिवळा बल्ब शेजारी लावून ठेवते, कारण इथलं धुकं काही सुधारलेलं नाही. सुरुवातीला गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "मिस्त्री कुठे गेलेत?" आता कुणी विचारत नाही.

तर हा वजनकाटा. मालाचा ट्रक काट्यावर चढतो, केबिनमधली बाई स्क्रीनवर वजन बघते आणि पावती काढते. एवढंच काम. पण गेले काही महिने ऐन वजनाच्या वेळी स्क्रीन फडफडायची आणि क्षणभर काळी व्हायची. परत आली की वजन तेच असायचं, पण खिडकीतून डोकावणाऱ्या ड्रायव्हरला ते कोण पटवणार? बाई काटा मारते, अशी बोलवा उठली. त्यात दुपारच्या पाळीला जो माणूस बसतो, त्याच्या वेळी स्क्रीन एकदम शहाण्यासारखी वागायची. म्हणजे दोष बाईचाच. कुणी म्हणे तिचा पायगुण, कुणी म्हणे ती टेबलाखाली काहीतरी दाबते. मालकाने स्क्रीन बदलून पाहिली, कॉम्प्युटर दुसरा आणला, फडफड तशीच. शेवटी मला फोन. म्हणाला, "ताई, एकडाव बघून घ्या. न्हाई सापडलं तर तिला घरी बसवावं लागंल. माज्या गाड्या दुसऱ्या काट्यावर जायला लागल्यात."

मी पोचले तेव्हा बाई दारातच उभी होती. पस्तिशीची असेल, रडत नव्हती, ओठ घट्ट मिटलेले. मला बरं वाटलं, कारण रडणाऱ्या माणसासमोर माझे हात चालत नाहीत. ती म्हणाली, "ताई, मी कायबी दाबत न्हाई. हात वर करून बस म्हनला तरी बसंन." मालक खाली बघत होता. माणूस वाईट नाही, धंद्याला भ्यालेला. बाहेर दोन-तीन ड्रायव्हर तमाशा बघायला जमलेले.

मी नेहमीचं सगळं केलं. प्लग घट्ट बसवला, केबल काढून पुन्हा लावली, स्क्रीनची सेटिंग तपासली, तुमच्या टेस्टरने बोर्ड बघितला. कुठे काही नाही. इतक्यात एक ट्रक आला, बाई कामाला लागली आणि माझ्या नाकासमोर स्क्रीन फडफडून काळी झाली. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "झालं चालू हिचं." मला असा राग आला की स्क्रीनची पाठच उघडायची ठरवली. पेचकस हातात घेतला आणि मला घोरावाडी आठवली.

शाळेला सुट्टी आहे, मी तुमच्याबरोबर आलेय. स्टेशनजवळचं घर, टीव्हीवरचं चित्र पाण्यातल्यासारखं हलतंय. मी जाते ती थेट टीव्हीच्या पाठीमागे. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणता, "पेचकस ठेव खाली. आदी बस. ही मान्सं रोज जितं बसत्यात तितं बस." माझे कान लाल. तुम्ही त्या घरच्या आजोबांच्या गादीवर बसता, चहा बशीत ओतून फुंकर घालत पिता, जणू सोयरीक जमवायला आलोय. मग भिंतीकडे बघत विचारता, "आबा, हिच्या मागं काय हाय?" मागे स्वयंपाकघर निघतं. तिथे नवाकोरा फ्रिज आणि त्याचा जाडजूड स्टॅबिलायझर, भिंतीला टेकून, टीव्हीच्या बरोबर पाठीशी. त्याच्या आतल्या गुंडाळीचं चुंबक भिंतीपलीकडून चित्र हलवत होतं. तुम्ही तो दुसऱ्या कोपऱ्यात सरकवलात आणि चित्र थांबलं. टीव्ही उघडलासुद्धा नाहीत. परत येताना तुम्ही मला खिशातला टेस्टर काढून दिलात, माझे कान लाल केल्याची भरपाई म्हणून असेल. तोच मी आज वापरला.

म्हणून मी पेचकस खाली ठेवला आणि त्या बाईच्या खुर्चीत बसले. टेकले मात्र, स्क्रीन काळी. परत आली. बाई म्हणाली, "बगा, आता तर मी लांब हाय." मी न हलता बसून राहिले. स्क्रीन शांत. मालकाला चहा सांगायला लावला. चहा आला, तो घ्यायला मी उठले आणि स्क्रीन पुन्हा गेली. बसले, गेली. अब्बा, चहा हिंदकळून माझ्या सलवारीवर सांडला, तरी मी उठत-बसत होते. माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं मालकाला वाटलं असणार.

"ही खुर्ची कुणी आणली?" मी विचारलं. वरखाली होणारी, खाली गॅसचा दांडा असलेली खुर्ची. "मीच," मालक म्हणाला, "ही कामावर आली तवा. हिची कंबर दुकायची." आणि दुपारचा माणूस? त्याला ती डुगडुगती वाटते, तो ती बाजूला सारून प्लास्टिकची ओढतो. मग बाईला विचारलं, तू दर ट्रकला उठतेस का? ती म्हणाली, "मागची चाकं काट्यावर आल्यात का न्हाई, उटल्याबिगर कसं दिसंल?" ऐकलंत ना? ती चोख वजन करायला उठायची, आणि ती उठली की स्क्रीन जायची.

मी त्यांना तुमच्याच शब्दांत सांगितलं. पूर्वी दिव्याचं बटण दाबलं की रेडिओ खरखरायचा, तसं. खुर्चीचा दांडा दबतो-सुटतो तेव्हा डोळ्याला न दिसणारी ठिणगी पडते, आणि खुर्चीमागून वेटोळं घालून नेलेली स्क्रीनची लांबलचक बारीक केबल ती ठिणगी पकडते. स्क्रीन बदलली, कॉम्प्युटर बदलला, पण केबल तीच जुनी लावली होती. मी पिशवीतली आखूड, जाड केबल काढून लावली. मग बाहेर सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्या ड्रायव्हरला आत बोलावलं आणि म्हटलं, "भाऊ, आता तुम्ही बसा. उठा. बसा." चांगल्या भरल्या देहाचा माणूस. मास्तरांनी शिक्षा दिल्यासारख्या त्याने उठाबशा काढल्या, स्क्रीन ढिम्म हलली नाही. जुनी केबल लावली, पहिल्याच उठण्याला काळी. पुन्हा नवी लावली, शांत. बाकीचे ड्रायव्हर हसायला लागले, आणि या वेळी ते बाईला हसत नव्हते.

मालक तिला सगळ्यांसमोर म्हणाला, "चुकलं माजं. उद्यापास्नं तूच बस, कोन काय बोललं तर मला सांग." तिने मान डोलावली. मी म्हटलं, हवं तर खुर्चीही बदला. तर तिने पदराने खुर्ची पुसली आणि म्हणाली, "खुर्ची ऱ्हाऊ द्या. माजी हाय ती." आणि बसली. बाहेर पुढचा ट्रक चढत होता, ती उठली, मागची चाकं बघून आली, पावती काढली. मी इतकी खूश झाले की पेचकस तिथेच विसरत होते.

आता एक सांगते. घोरावाडी आठवली म्हणून बसले, असं मी वर लिहिलंय. तसं झालं नव्हतं. माझा गुडघा भरून आला होता, म्हणून बसले. घोरावाडी आठवली ती नंतर, काम आटोपून दुसरा चहा पिताना. मालकाने विचारलं, "हे कुटं शिकला, ताई?" तेव्हा मी ताठ मानेनं सांगितलं, अब्बांकडून. गुडघ्याचं कुणाला बोलले नाही. तुम्हालाही बोलले नसते, पण हे पत्र कुठे पोचणार आहे.