बसथांब्यापासून पुढे

त्शाव बाळा,

तू गेल्याचा निरोप शहरातून आला. काल तुझ्यासाठी बांबूची खेन वाजवली. मेलेल्याचा जीव, तो जिथे जिथे राहिला त्या एकेका गावातून मागे फिरत, घरच्या खांबाखाली पुरलेल्या आपल्या जन्मवेळच्या वारेपर्यंत यायला हवा. खेन त्याला त्या गावांची नावं सांगते. डोंगरावरच्या साऱ्या मेलेल्यांना आजवर मीच वाट दाखवली. तुझ्या वेळी पहिल्याच नावाला अडलो. शहरात तू कुठे कुठे राहिलास, कुणालाच ठाऊक नाही.

"अहो, थांबलात काय?" तुझी आई ओरडली. "पोराला तिकडेच ठेवणार का?"

मग मी खालच्या बसथांब्यापासून सुरुवात केली. तिथवर तुला सोडायला आलो होतो. शहरापासून तिथवर तू एकट्याने ये. पुढची वाट वाजवून ठेवली आहे.

तुझा बाप,
वा न्येंग