मला माहीत आहे, हे तुला माहीत

ॲम्स्टरडॅम,
११ फेब्रुवारी

प्रिय डौवेदादा,

तुझं पत्र पोचलं. गाई मजेत, वहिनी मजेत, कालव्यावर बर्फ धरू लागलंय. वाचून बरं वाटलं. इकडेही ठीक. सायकल तेवढी पुन्हा चोरीला गेली.

विद्यापीठात सध्या माझा लाडका धडा चालू आहे. म्हणजे तू ज्याला ‘पगारी पत्ते खेळणं’ म्हणतोस, तेच. माणसं बोलताना कसे डाव टाकतात, काय सांगतात, काय हातात दाबून ठेवतात, त्याचं गणित. समज, दोन मित्रांना गोठलेल्या तळ्यावर जायचंय. एकट्याने बर्फावर जायचं नाही, हे बाबांनी आपल्याला कान पिळून शिकवलंय. एक जण चिठ्ठी पाठवतो, ‘उद्या येतो.’ ती वाटेत हरवली की पोचली? दुसरा कळवतो, ‘पोचली.’ पण हे उत्तर तरी पोचलं का? असं करत दोघांना सगळं ठाऊक असतं, पण दुसरा नक्की येईल याची खात्री नसते आणि दोघेही घरीच बसतात. कितीही चिठ्ठ्या पाठवा, खात्री होत नाही, हे मी फळ्यावर सिद्ध करून दाखवते. झकास सिद्ध होतं.

परवा माझा सहकारी गोस्विन मागे बसून ऐकत होता. म्हणाला, “बाई गं, तुझी ही माणसं एकमेकांच्या घरी का जात नाहीत?” वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

कारण महिनाभर मी तुला चिठ्ठ्याच पाठवतेय. ‘तब्येत कशी?’ विचारलं, तर तू लिहिलंस, ‘गाईंची उत्तम.’ ‘हल्ली दूध कोण काढतं?’ तर म्हणे, ‘यंत्र.’ आडून विचारलेलं माणसाला बरोबर कळतं, असं मी लेखांतून छापलंय. तुला कळलं होतंच. तू मुद्दाम पत्ता दाबलास.

तर आता उघडून टाकते. तुझ्या हृदयाची शस्त्रक्रिया बुधवारी आहे, हे मला माहीत आहे. वहिनीने फोनवर रडत सांगितलं आणि तुला कळू न देण्याची शपथ घातली. ती मी मोडली. तिच्यावर ओरडू नकोस, ओरडायचं तर माझ्यावर ओरड. दादा, मला भीती वाटतेय. तुलाही वाटत असणार. धाकट्या बहिणीला ते दिसू नये म्हणून तू गाईंच्या आड लपलास, होय ना?

मी सोमवारी संध्याकाळच्या गाडीने येतेय. वहिनी तिकडे एकटी बसणार नाही आणि तुला आत नेईपर्यंत तुझा हात मी सोडणार नाही. ‘कशाला आलीस?’ हे तू म्हणणारच. खुशाल म्हण, पण माझ्या तोंडावर.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. दार उघड.

तुला घाबरलेला बघायला न घाबरणारी,
तुझी वीत्स्के