अंगठ्याला बांधलेला वारा

ती. मीनाआत्यास,
धम्मप्रियाचा सविनय जय भीम.

गुडघा कसा आहे? तेल लावून उन्हात बसतेस ना, की शेळ्यांमागे फिरून वर "मला काय झालंय!" म्हणतेस? इकडे सोलापुरात आम्ही सगळे खुशाल. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू "आधी लेकराला दे की!" म्हणतेस, मग अर्धा तास यशूचं बोबडं ऐकतेस आणि माझी पाळी येते तेव्हाच नेमकी तुझी शेळी सुटते.

यशू व्हायच्या आधी मी भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं, आठवतं? घरातली पहिली पदवीधर मी, वेळापत्रकाशिवाय आई कशी होणार? 'सकाळी अकरा ते एक चित्रकला, दुपारी चार ते सहा मातृत्व' असं सुंदर अक्षरात लिहिलं होतं. (यशूला वाचता येत नाही, एवढंच लक्षात राहिलं नाही.) पहिल्याच दिवशी मातृत्व सहाला संपलं नाही, ते अजून चालू आहे.

शेवटी तू दिलेल्या हिरव्या लुगड्याची झोळी छताच्या कडीला बांधली आणि तिची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला. खाली पाय चालू, वर कुंचला. मी काढत होते तुझं मंगळवेढ्याचं काळं रान, पोटऱ्यात आलेली ज्वारी. पण पाय हलला की कंबर हलायची, कंबर हलली की हात. एक धाट सरळ येईना. मी रोज चिडायचे, आणि रोज थोड्या वेळाने चिडायचं विसरायचे. मी झोळी हलवते आहे की रान मला हलवतंय, तेच कळेनासं व्हायचं. यशूचा श्वास, दोरीची करकर, आणि कागदभर कुठूनतरी आलेली सळसळ.

तशी दोन चित्रं झाली. चित्रांचं प्रदर्शन भरवणाऱ्या राजेश्वरी मॅडम घरी आल्या, चित्रांपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वारा कसा काढलात हो?" मी गंभीर चेहऱ्याने "साधना" असं सांगितलं. (अंगठा पदराखाली लपवला.) एक तारखेपर्यंत तिसरं चित्र दिलं तर अख्खी एक भिंत माझी. नाहीतर ती दुसऱ्या कुणाला जाईल. आत्या, माझी पहिली भिंत!

आणि त्याच आठवड्यात यशूने झोळी सोडली. आता दहा महिन्यांची ही बाई अकरा ते एक चटईवर आपली आपण झोपते, अगदी वेळापत्रकाप्रमाणे. दोन्ही हात मोकळे, दोन्ही पाय मोकळे, घर शांत. याचसाठी मी इतके महिने झुरले होते. तिसऱ्या चित्रातली ज्वारी मात्र ताठ उभी आहे. शेजारच्या शरणम्माकाकू खूश झाल्या. "आता लई छान बघ! कसं शाळेत प्रार्थनेला उभारल्यासारखं दिसतंय की!"

मग मी रिकामी झोळी हलवून पाहिली. ती माश्या हाकलल्यासारखी नुसती फडफडली. बी.ए.ची सगळी पुस्तकं घालून पाहिली. पुस्तकं हलली, रेषा हलली नाही. तुझे जावई म्हणाले, "मी झोपतो." ते झोपलेही, पण कडी दोन बोटं खाली आली आणि यशूने टाळ्या वाजवल्या.

तू म्हणाली होतीस, "लेकरू जरा मोठं होऊ दे, मग काढ चित्रं." ती मोठी होते आहे, आत्या. आणि मी मोकळ्या पायांकडे बघत बसले आहे.

मामांना जय भीम सांग. गुडघ्याला जप.

तुझी
धम्मप्रिया

ता. क. : कडी पक्की करून घेतली आहे. तेवढी साडेआठ किलो ज्वारी एसटीने पाठव. नेमकी साडेआठ; अंगणवाडीच्या काट्यावर यशूचं वजन तेवढं भरलं. दळायची नाही. पोतं सैल बांध, म्हणजे झोळीत कूस बदलेल. आणि तुझ्या रानातलीच दे, दुकानातली नको.

ता. ता. क. : मधेमधे ओळी वाकड्या गेल्यात, तिथे यशू मांडीवर होती. ओळी सरळ आहेत तिथलं फारसं मनावर घेऊ नकोस.