आईचा डावा गाल

३ जून

ती. मामास,
सा.न.वि.वि.

मी कॅमेरा घेतला! तेरा वर्षं जुना डीएसएलआर. विकणाऱ्या गृहस्थाने अगदी जपून वापरलेला म्हणून दिला. इतका जपून, की पकडीचं रबर सुटलंय आणि मागच्या स्क्रीनवर सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतात. सोबत पन्नास एमएमची लेन्स आहे. फोकस डोळ्यावर धरला की कानावर जाऊन बसतो. शेजारच्या काकूंच्या दोन्ही कानांची पोर्ट्रेट फार सुंदर आली आहेत.

पण मला फोटो हवाय आईचा. वीस तारखेला मी नर्स म्हणून दोन वर्षांसाठी जहाजावर चाललेय आणि माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही. कॅमेरा दिसला की बाई उठून स्वयंपाकघरात! का, ते सांगत नाही. तिची समजूत मी घालते, फोकसचं तू बघ.

तुझा लोभ आहे हे ठाऊक आहे, तो जरा सल्ल्यातही उतरू दे.

तुझी भाची

६ जून

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, काकूंचे कानही पोचले. नाचता येईना अंगण वाकडं! फोकसचे बाकीचे ठिपके बंद कर, मधला एकच ठेव, तो जवळच्या डोळ्यावर धर आणि धरल्यावर डुलू नकोस. ॲपर्चर चारवर ठेव, पूर्ण उघडलंस तर पापणी तेवढी स्पष्ट येईल आणि नाक धुक्यात जाईल. फ्लॅश मारलास तर पुन्हा मला मामा म्हणू नकोस. खिडकीजवळ बसव, झालं.

आणि ताईचा डावा गाल सावलीत ठेव, म्हणजे तो भाजल्याचा डाग दिसणार नाही. चाळीस वर्षं स्टुडिओत मी हेच करतोय. लोकांचे डाग घालवतो, लोक खूश होतात.

घरी सर्वांना, म्हणजे तुम्हा दोघींना, माझा नमस्कार-आशीर्वाद वाटून घ्या.

तुझा मामा

१० जून

ती. मामास,
सा.न.वि.वि.

तुझ्या सल्ल्याने कमाल केली. आई बसली होती रे! रविवारी, खिडकीशी, स्टुलावर. मी अतिशहाणी, तुझं पत्र हातात धरून मोठ्याने वाचत होते. गालाचं वाक्य आलं आणि ती उठली.

मग सगळं बाहेर पडलं. ती तेवीस वर्षांची असताना हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या नोकरीसाठी तू तिचा फोटो काढलास आणि तिला न विचारता निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून डाग घालवलास. फोटो बघून तिला बोलावलं. मॅनेजर एकदा फोटोकडे बघे, एकदा तिच्याकडे. शेवटी म्हणाला, की फोटोतल्या बाईंना पाठवा. त्या दिवसापासून ती कॅमेऱ्यासमोर बसलेली नाही. धन्य तुझी कला!

दहा दिवस उरलेत. मला रडू येतंय आणि राग फक्त तुझा येतोय.

आज लोभ मागत नाही, उत्तर तेवढं लवकर पाठव.

भाची

१३ जून

चि. भाचीस,
आशीर्वाद.

नोकरी मिळाली नाही एवढं मला माहीत होतं. का नाही, हे तिने सांगितलं नाही आणि मी, शहाण्यांचा शिरोमणी, कधी विचारलं नाही.

आता हे ऐक आणि तिलाही वाचून दाखव. तो डाग माझाच आहे. मी सहा वर्षांचा होतो, ती दहाची. उकळत्या पाण्याची किटली मी ओढली. ताईने आईला सांगितलं, की तिच्याच हातून सांडली. पुढे लेन्समधून तिच्याकडे बघितलं की मला तो डागच दिसायचा. तो मी तिच्यासाठी नाही घालवला, माझ्यासाठी घालवला. आणि वर टेंभा मिरवला, की माझ्या हातात कला आहे! माझं चुकलं, ताई. फार चुकलं.

गालाचं ते वाक्य खोडून टाक, पोरी.

तुम्हा दोघींचा लोभ मागायला आज तोंड नाही.

मामा

१८ जून

चि. बंधुराजांस,
अ.उ.आ.

सोबत फोटो पाठवत आहे. काल दुपारी तुझ्या भाचीने मला दीड तास खिडकीशी बसवलं. एकसष्ट फोटो काढले, त्यातले साठ हलले. डावा गाल उजेडाकडे मीच फिरवला. फोटो बघितला तर ओळखच पटेना. केवढी म्हातारी झालेय रे! आणि थेट आपल्या आईसारखी दिसते, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही. पोरीने तिची प्रत बॅगेत सगळ्यांत वर ठेवली आहे.

तुझं पत्र ऐकलं. किटलीचं मी तेव्हाच सोडून दिलं, सहा वर्षांचं कार्टं होतास. राग आहे तो पेन्सिलवाल्या कलाकाराचा. माफीचं बघू. दोन वर्षं घरात एकटीच आहे, विचार करायला वेळच वेळ.

तोवर एक काम कर. हा फोटो मोठा करून स्टुडिओत लाव, गिऱ्हाइकाच्या अगदी समोर. गालाला काय झालं, असं लोक विचारणारच. बावन्न वर्षं मी सांगत आले, की माझ्याच हातून सांडलं. आता तू सांग.

लोभ आहेच, एवढ्याने कुठे जातोय.

तुझी ताई