दात पाडायचं स्तोत्र

पप्पा,

तुम्हाला मारणारा माणूस गेल्या शुक्रवारी माझ्या घरी आला, सभेला बसला आणि चहा पिऊन गेला. मी त्याच्या चहात मुद्दाम साखर घातली नाही. तो तसाच प्यायला आणि कप विसळून ठेवायला उठला, तेव्हा मी तो त्याच्या हातून ओढून घेतला. तेवढंच काय ते माझ्याकडून झालं. एरवी तुमच्या मुलीचा हात किती चटकन उठतो ते तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत पीटी शिकवते मी आता, आणि मैदानावर मी दिसले की आठवीची दांडगी पोरंसुद्धा शर्ट खोचायला लागतात.

हा हात पहिल्यांदा उठला तो आपल्या डोंबिवलीच्या चाळीत असताना. वर्गातली एक मुलगी मला बाटगी म्हणाली आणि मी तिच्या तोंडावर ठोसा मारला. संध्याकाळी तिची आई कागदाच्या पुडीत पडलेला दात घेऊन आपल्या दारात उभी. तुम्ही कंपनीतून नुकतेच आला होता, रंगाच्या कारखान्यातला तो आंबूस वास तुमच्या शर्टाला होता. तुम्ही त्या बाईंची माफी मागितलीत आणि मला स्वयंपाकघरात नेलंत. आता पट्टा निघणार म्हणून मी ओट्याला चिकटून उभी. तुम्ही आपलं शास्त्र, ते जुनं बायबल, उघडलंत, एक स्तोत्र काढलंत आणि म्हणालात, "वाच." मी वाचायला लागले. दुष्टांच्या तोंडातले दात पाड, अशी त्यात देवाला चक्क विनवणी होती. ते पाण्यासारखे वाहून जाऊ देत, गोगलगायीसारखे विरघळून जाऊ देत, असंही होतं. माझा आनंद पोटात मावेना. पवित्र शास्त्रात असलं काही असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"हे चिडलेल्या माणसानं लिहिलंय," तुम्ही म्हणालात. "तुझ्याहून जास्त चिडलेल्या. पण त्यानं हात उचलला नाही, देवाकडे तोंड वर केलं. तुला कुणाचे दात पाडावेसे वाटले ना, की आधी त्याला सांगायचं. कुणाचे पाडायचे ते तो बघेल." मग ते स्तोत्र पाठ होईपर्यंत मला जेवायला दिलं नाहीत. आई कुरकुरत होती, की पोरीला शिकवायचं तर चांगलं काही शिकवा. तुम्ही ऐकलं नाहीत.

आपल्या शुक्रवारच्या घरसभेची पद्धत तुम्हीच घालून दिलेली. सभा आज या घरी, पुढच्या वेळी त्या घरी. ज्याचं घर, त्यानं स्तोत्र निवडायचं. गोल बसायचं आणि एकेकानं एकेक वचन वाचायचं, दाराकडून सुरुवात करून. बायकांमध्ये बऱ्याच जणी अडखळत वाचायच्या, म्हणून तुमचा नियम होता की कुणी अडलं तर पुढच्या शेजाऱ्यानं ते वचन पुरं करायचं, हसायचं नाही, आणि मग स्वतःचं वाचायचं. शेवटी एकानं साक्ष द्यायची, देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. तीही पाळीनं. तेव्हा मला हे सगळं संथ आणि कंटाळवाणं वाटायचं. माझं लक्ष चहाबरोबरच्या बिस्किटांकडे असायचं.

तुम्ही गेलात त्या शुक्रवारी सभा आपल्याकडे होती. शेजारच्या खोलीतली बाई नेहमीसारखी उंबऱ्याशी बसलेली, ओठ सुजलेला, पदर त्यावर ओढलेला. ती आपल्यातली नव्हती, पण सभेत तिला तासभर कुणी मारत नसे, म्हणून यायची. तिचा नवरा पिऊन आला. त्यानं तिला केसांना धरून उंबऱ्यावरून फरफटत बाहेर काढलं. तुम्ही पुस्तक खाली ठेवलंत, उठलात, दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिलात. एवढंच केलंत. दाराशी तुमची हत्यारांची पिशवी होती, चाळ तुम्हाला मिस्त्री म्हणायची ती तिच्यापायीच. त्यानं त्यातला मोठा पाना उचलला. पहिला घाव जबड्यावर बसला आणि तुमचा दात सतरंजीवर माझ्या गुडघ्याजवळ येऊन पडला. दुसरा कानाच्या वर. तो आवाज मी सांगणार नाही, पण मला तो अजून कधीही ऐकू येतो, नारळ फोडताना हमखास. मी धावले आणि त्याच्या मनगटाचा चावा घेतला, इतका की तोंडात रक्त आलं. त्यानं मला भिंतीवर आपटलं, तरी मी सोडलं नाही. बाकीच्यांनी मिळून त्याला पाडला. दवाखान्याच्या वाटेवर, रिक्षात, आईच्या मांडीवर तुम्ही गेलात.

चर्चच्या मंडळीत सांगतात की मरताना तुम्ही त्याला क्षमा केलीत. साफ खोटं आहे. तुमच्या तोंडात बोलायला जागाच उरली नव्हती. मी होते ना तिथे.

मातीनंतर मी पिशवीतून दुसरा पाना काढला आणि कपाटामागे लपवला. जामिनावर सुटला की पुढचं मी बघणार होते. तुमचे जुने मित्र, रविवारच्या शब्बाथशाळेत पोरांना शिकवणारे काका, यांना माझा चेहरा बघूनच कळलं असावं. त्यांनी मला एका शब्दानं उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवसापासून मंडळीच रोज संध्याकाळी आपल्याकडे यायला लागली. सभा शुक्रवारची, पण ती आली सोमवारी, मंगळवारी, कुणी डबा घेऊन, कुणी कामावरून तसंच. घर आपलं, म्हणून स्तोत्र मी निवडायचं. मी रोज तेच निवडलं. दात पाड. रोज. आणि पप्पा, त्यांनी ते रोज वाचलं. पेन्शनीतल्या बाई, पोस्टातला माणूस, नुकतीच लग्न होऊन आलेली लाजरी मुलगी, सगळ्यांनी पाळीपाळीनं माझ्या शत्रूचे दात मागितले. क्षमा कर, असं एकानंही म्हटलं नाही. एके संध्याकाळी वाचता वाचता मला कळलं की हा राग आता माझ्या एकटीच्या तोंडात नाही, गोल बसलेल्या सगळ्यांनी त्यातला थोडा थोडा उचललाय. त्या रात्री मला झोप लागली. पाना मी भंगारवाल्याला दिला. मला देव आहे असं खरोखर वाटलं ते तेव्हा. चर्चमध्ये नाही, प्रवचनातही नाही. ती लाजरी मुलगी खाली मान घालून माझ्यासाठी शिव्याशापांचं वचन वाचत होती, तेव्हा.

त्याला जन्मठेप झाली. त्याची बायको माहेरी गेली ती कायमची. मग आईही वारली. मी ठाण्याला कोपरीत राहायला आले, सभा चालूच राहिली, आणि कधीतरी मला कळलं की काका इतकी वर्षं तुरुंगात जाऊन त्याला भेटतात, शास्त्र शिकवतात. कळलं तेव्हा काका माझ्याकडे जेवत होते. मी भाताचं भांडं त्यांच्या अंगावर फेकलं. त्यांच्या कपाळावर खोक पडली. ते खाली बसून भाताची शितं वेचत राहिले आणि म्हणाले, "अगं, कैद्यांकडे जायला मला तुझ्या बापानं शिकवलं. हा एक सोडून बाकीच्यांकडे जा, असं तो म्हणाला असता का?" मी त्यांना चालते व्हा म्हणाले. पुढच्या शुक्रवारी ते कपाळाला पट्टी लावून सभेला हजर. दारावर लागलं म्हणून सगळ्यांना सांगितलं.

यंदा नवरात्राच्या आधी मी टेंभी नाक्यावरून चालले होते. मांडवाचं काम चाललेलं. बांबूच्या शिडीवर वर एक म्हातारा होत चाललेला माणूस दोरी बांधत होता. त्यानं मान वळवली आणि मी त्याला ओळखला. सुटला होता, मला कुणी सांगितलं नव्हतं. रस्त्यावर माणसांची ये-जा होती, पण माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी शिडीपाशी गेले आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. उंची चांगली होती, खाली फरसबंदी. एक हिसका पुरला असता. माझ्या दंडात अजून जोर आहे. कानात तो नारळाचा आवाज होता आणि तोंडात त्याच्या रक्ताची चव, इतक्या वर्षांनी, अगदी ताजी. आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, ओठ हलायला लागले. आधी त्याला सांगायचं. मी स्तोत्राच्या पहिल्या वचनापासून सुरुवात केली. प्रत्येक वचन मला वेगवेगळ्या आवाजात ऐकू येत होतं, बाईंच्या, पोस्टातल्या माणसाच्या, त्या मुलीच्या. मधेच सोडून देता येईना. स्तोत्र संपलं तेव्हा तो खाली उतरला होता.

"बरं झालं धरलीत ताई, हलत होती," तो म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. माझा चेहरा तुमच्यावर गेलाय, सगळे म्हणतात. त्याचा रंग उतरला. "मिस्त्रींच्या..." एवढंच म्हणाला, हात जोडले आणि मांडवामागे निघून गेला. माझे हात शिडीवरून निघता निघत नव्हते.

दोन दिवसांत काकांचा फोन आला. त्याला सभेला यायचंय, तू नको म्हणालीस तर येणार नाही. मी म्हटलं, येऊ दे, माझ्याच घरी येऊ दे. काकांनी फोनवरच देवाचे आभार मानले. त्यांना काय ठाऊक माझ्या मनात काय शिजतंय ते. घर माझं, म्हणजे स्तोत्र माझं. मी दुपारपासून खुर्च्या मांडत बसले. दाराकडून मोजत आले, कोण कुठे बसेल, कुणाकडे कुठलं वचन येईल. दातांचं वचन बरोबर त्याच्या तोंडी पडेल अशी त्याची खुर्ची लावली. त्याच्या अलीकडे मी स्वतः बसणार होते. त्याच्या तोंडून ते बाहेर पडताना मला जवळून ऐकायचं होतं. हात न उचलता एवढा जबर फटका मी जन्मात कुणाला मारला नव्हता.

सगळे बसले, मी स्तोत्र सांगितलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, पण ज्याचं घर त्यानं निवडलेलं स्तोत्र बदलायचं नाही, हा तुमचाच नियम. वाचायला सुरुवात होणार एवढ्यात धापा टाकत एक मावशी आल्या. त्यांना नेहमीच उशीर होतो. दाराजवळ स्टूल ओढून बसल्या, चष्मा आहे पण शास्त्र विसरलं म्हणाल्या. तो माणूस उठला, त्यानं आपलं शास्त्र त्यांना दिलं आणि परत येऊन माझ्या पुस्तकात बघायला लागला. मी एवढी भडकले होते की एक माणूस वाढलं म्हणजे सगळी मांडणी एकानं सरकली, हे माझ्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं ते पाळी माझ्यावर आली तेव्हा. दातांचं वचन माझं होतं.

मी सुरुवात केली. पाठच आहे मला. पण पुस्तक दोघांत होतं, त्याचा हात पानाच्या कडेला होता, आणि बाही वर सरकून मनगटावर माझ्या दातांची खूण दिसत होती. पांढरी, अर्धगोल, जशीच्या तशी. मी वाचता वाचता अडले. पप्पा, ती दया नव्हती, कुणी तसं सांगितलं तर खोटं समजा. तो राग होता. एवढा राग की त्याला शब्दातून बाहेर पडायला वाट मिळेना. कुणी हसलं नाही. मग त्यानं बोट ओळीवर ठेवलं आणि माझं वचन पुरं केलं. अडलेल्याचं शेजाऱ्यानं पुरं करायचं, हे काकांनी त्याला तुरुंगात शिकवलेलं. एकेक अक्षर जोडत, जसं छापलंय तसं, त्यानं माझ्या वतीनं देवाकडे ते दात मागितले. मग खालचं, त्याच्या वाट्याचं वचन वाचलं. त्यानं एक शब्दही गाळला नाही.

मी त्याला क्षमा केलेली नाही. काका विचारत नाहीत, मीही बोलत नाही. माझे हात अजून शिवशिवतात. पण इतकी वर्षं जे मागत आले ते त्याच्याच तोंडून मागून झालं, आणि आता पुन्हा मागायला गेले की त्याचाच आवाज ऐकू येतो. त्यालाही गोलात जागा मिळाली. तुम्ही ही पद्धत घातलीत तेव्हा हे असं होऊ शकेल हे तुम्हाला ठाऊक होतं का, एवढं मला तुम्हाला विचारायचं होतं. ठाऊक असेल तर मी तुमच्यावरही चिडलेय.

शेवटी त्या दिवशी साक्ष द्यायला तोच उभा राहिला. म्हणाला, मी कोण ते ओळखूनसुद्धा या ताईंनी माझी शिडी धरून ठेवली, म्हणून मी इथे यायचं धाडस केलं. बायकांनी डोळे पुसले. मावशींनी माझा हात हातात घेतला. मी मूग गिळून बसले आणि मग चहा करायला आत गेले.

या शुक्रवारी सभा त्याच्या खोलीवर आहे, कल्याणला. स्तोत्र तो निवडेल. साक्षीची पाळी माझी आहे. हे पत्र कुठे पाठवणार, शास्त्रात ठेवून देते. शिडी मी कशासाठी धरली होती, हे फक्त तुम्हाला सांगितलंय, शुक्रवारपर्यंत.